रात्रीची कुऱ्हाड

दिगू, चांद्याला तुझी शोकसभा झाली. तू तिथे नव्हतास ते एका परीने बरंच झालं. असतास तर इतका फुगला असतास की मला बघवलं नसतं.

तुझ्या जुन्या शाळेच्या हॉलमध्ये टेबलावर तुझा फोटो ठेवला होता, तोच, मळक्या कोटातला. हार मात्र ताजा होता. वकीलसाहेब बोलले, शाळेचे सेक्रेटरी बोलले, आणि तुझा तो विद्यार्थी, जो आता तेंदूपानांचा ठेकेदार झालाय, तोही बोलला. सगळ्यांना तुझा तो एक शब्द उच्चारायचा होता आणि एकालाही जमला नाही. वकीलसाहेब 'योल्ली' म्हणाले. सेक्रेटरींनी सरळ 'येवला' म्हटलं, तेव्हा मागच्या बाकावर कोणीतरी शेजाऱ्याला विचारलं, "गुरुजी नाशिककडचे होते काय गा?" ठेकेदार हुशार. तो शब्दाच्या वाटेला गेलाच नाही. गुरुजी अंधाराला न भिणारा माणूस होता, म्हणाला, भर रात्री एकटे रानात घुसून त्यांनी चोरांच्या हातची कुऱ्हाड जिंकून आणली. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! आपल्या लोकांना कशाला काय वाजवावं हे कळत नाही.

अंधाराला न भिणारा माणूस. मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावून खाली वाकले. शेजारच्या बायांना वाटलं मी रडतेय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, एकीने पाणी आणलं. मी ते प्याले. दुसरं काय करणार?

मी तुझी थोरली बहीण आहे. तुझ्याबद्दलची भाषणं मला कोणी ऐकवू नयेत. लहानपणी तू आईच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून झोपायचास, आणि ती उठली की कोंबडीच्या पिलासारखा चिवचिव करायचास. आई गेल्यावर पदर माझा. पुढे तुला मिशा फुटल्या, तू मॅट्रिक झालास, मास्तर झालास, लग्न झालं, बायको बिचारी लवकर गेली. मी कपाळ पुसून घरी आले होते आणि मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. पेन्शनीत निघाल्यावर दोघं गावच्या घरी येऊन राहिलो. या सगळ्या काळात दिवेलागणीनंतर तू उंबरठा एकट्याने ओलांडला नाहीस. आणि तरी एकदाही कबूल केलं नाहीस. जेवणं झाली की ओट्यावर बसून तू विचारायचास, "बाई, तुले परसाकडे जाचं हाय काय?"

मला जायचं नसायचं. तरी मी कंदील उचलायची. मी पुढे, तू मागे, आणि रस्ताभर तू माझ्याशी भांडत यायचास. गवार करपली होती इथपासून नेहरू चुकतात कुठे इथपर्यंत. आवाज चढवून. मला कळायचं की हे भांडण माझ्याशी नाही, ते झुडपांना ऐकू जावं म्हणून आहे. कधी म्हणायचास, "बाई, बाहेर मांजर वरडून राह्यलं वाटते. पाहून येऊ काय?" आपल्याकडे मांजर नव्हतंच कधी. माझी एवढीच इच्छा होती की तू एकदा, मरायच्या आधी एकदा, तोंडाने म्हणावंस की बाई, मला भीती वाटते. तेवढं म्हणाला असतास तर मी तुझ्या बाकीच्या सगळ्या पोकळ गप्पा माफ केल्या असत्या.

आणि असा माणूस शिकायला काय घेतो? रात्र!

साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा चांद्याच्या एका बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला होता. शहाण्या लोकांनी खुर्च्या घेतल्या, पलंग घेतले, एकाने तर सांबराचं मुंडकं घेतलं. तू जुन्या पुस्तकांचं खोकं घेऊन आलास. वाळवी लागलेल्या त्या खोक्यात मेक्सिको देशातल्या जुन्या लोकांच्या भाषेचं एक पुस्तक निघालं. नाहुआत्ल म्हणतात त्या भाषेला. सगळं पुस्तक समजायला तुझं डोकं पुरलं नाही. मग तू त्यातला एकच शब्द धरून बसलास. योवाल्ली. म्हणजे रात्र.

किती छळलंस त्या शब्दाने! जेवताना, धान वाळवताना, माझं डोकं दुखत असताना. घरी तू माझ्यासारखाच 'मले-तुले' बोलायचास, पण योवाल्ली आली की एकदम पुण्याचा व्हायचास. "बाई, योवाल्ली म्हणजे नुसती रात्र नव्हे. तिच्याशेजारी वारा हा शब्द ठेवला, योवाल्ली एहेकात्ल, की त्याचा अर्थ होतो, जे दिसत नाही, हाताला लागत नाही, पण आहे. ते लोक देवाला तसं म्हणत." मी म्हणायची, आपल्याकडे रातीला रात म्हणतात आणि तेवढ्यात सगळ्यांचं भागतं. शिवाय ज्याने रात्र खिडकीच्या फटीतून पाहिली त्याने तिचे अर्थ कशाला सांगावेत? आपल्या शेताला रानडुकरं लागायची तेव्हा जागलीला माचणावर कोण बसायचं? मी. तू घरात कडी लावून, कंदिलाची वात मोठी करून, रात्रीचा अर्थ शोधायचास. हे मी तुला तोंडावर बोलले होते. तू म्हणालास, "बाई, अनुभव वेगळा आणि अभ्यास वेगळा." असली वाक्यं तुला बरोबर वेळेवर सुचायची.

त्या शब्दाचा एक जोडशब्द मात्र तुझा फार लाडका होता. योवाल्तेपोस्त्ली, रात्रीची कुऱ्हाड. त्या लोकांच्या रानात म्हणे रात्री लाकूड फोडल्याचा आवाज येतो. तो आवाज माणसाचा नसतो. मुंडकं नसलेलं एक भूत चालत असतं, त्याची छाती चिरलेली असते, आणि तिची दारासारखी उघडझाप होते, तोच तो आवाज. भित्रा माणूस आवाज ऐकून पळतो आणि त्याचं वाईट होतं. शूर माणूस मात्र आवाजाकडे चालत जातो, त्या छातीत हात घालून काळीज धरतो आणि म्हणतो, मला हवं ते दे, तरच सोडतो. तू हे सांगताना हाताची मूठ अशी आवळायचास की जणू आत्ताच कोणाचं काळीज धरलंयस. त्यावर चांद्याला तू व्याख्यान दिलंस. दुपारचं. रात्रीची वेळ ठरत होती ती तूच बदलून घेतली होतीस, श्रोत्यांची गैरसोय होते म्हणून.

आपल्याकडे रानात अंधारात कुऱ्हाडीचा आवाज आला तर त्यात भुताचं काही नसतं. कोणीतरी चोरून झाड तोडतंय एवढंच. आणि ऐकणाऱ्याने ऐकलं नाही असं करायचं असतं. गावात राहायचं तर हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुला नाही कळलं.

यंदा धान पिवळं पडायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. तू चांद्याहून येत होतास आणि मोटर वाटेत बंद पडली. सडकेवर उतरून रानातल्या पायवाटेने तुला घरी यावं लागणार होतं. दिवस बुडाला, तू आला नाहीस. मी कंदील घेऊन फाटकात उभी राहिले. आणि तू आलास तो असा, धोतर काट्यांनी फाटलेलं, चेहरा पांढरा, हातात कुऱ्हाड. दूर अंधारात कोणीतरी मागे वळल्यासारखं मला वाटलं. मी विचारलं, "कोनाची हाय हे?" तू पाणी प्यालास, खुर्चीत बसलास, कुऱ्हाड मांडीवर घेतलीस आणि म्हणालास, "रात्रीची."

तेव्हाच तुझ्या थोबाडीत द्यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी तू ती भिंतीवर टांगलीस. खाली कागदावर शाईने लिहिलंस, योवाल्तेपोस्त्ली. येईल त्याला दाखवायचास. गावातले लोक यायचे, दांडा बघायचे आणि पावसापाण्याचं बोलायला लागायचे. आपल्याकडे कुऱ्हाडीचं पातं लोहार करतो पण दांडा ज्याचा त्याने तासायचा असतो, आपल्या हाताच्या पकडीप्रमाणे, आणि गावाला दांड्यावरून माणूस ओळखू येतो. म्हणजे सगळ्या गावाला कळलं होतं. दोघांनाच कळलं नव्हतं, एक मी, कारण माझा जन्म शाळेत गेला, आणि दुसरा जंगल खात्याचा रेंजर, कारण त्याला काहीच कळत नाही.

रेंजर आला तो तुझ्या त्या बढाया चांद्यापर्यंत पोचल्यावरच. रानात अर्धं तोडलेलं एक झाड सापडलं होतं. त्याने जीप फाटकाशी अशी लावली की म्हशीला आत यायला जागा उरू नये. "मास्तर, ये ठीक नाई. मुद्देमाल आहे हा. नाव सांगा. ज्याची निघेल त्याले आत टाकतो." मी दाराआड होते. मला वाटलं, आता तू बोलणार. पोस्टमनने जोरात हाक मारली तरी दचकणारा तू. पोलिसाची टोपी दिसली की ज्याला पोटदुखी सुरू होते तो तू. तू चष्मा पुसलास आणि म्हणालास, "साहेब, ती रात्रीची आहे. रात्रीचं नाव लिहून घ्या. योवाल्ली. यो-वा-ल्ली." तो तुला वेडा समजला. कागद घेऊन परत येतो, तोवर ही इथून हलली तर मास्तर तुम्हीच आत, असं सांगून गेला. एक गार्ड दिवसभर आपल्या चिंचेखाली बसायला लागला.

तो गेल्यावर आपलं जे भांडण झालं ते शेवटचं निघालं. मी म्हटलं, ज्याची आहे त्याला गुपचूप देऊन टाक. तू म्हणालास, "पाहून राह्यले ते. दिली का धरला त्याले." मग मला नाव सांग, मी काय ते बघते. "नाई." काऊन नाई? "तुले सांगितलं तं सगळंच सांगा लागंल." मी चिडले. सगळंच म्हणजे काय रे? तू काय तिथे काळीज पकडून वर मागितलास? यावर तू चक्क लाजलास, दिगू. या वयात. भिंतीकडे तोंड करून झोपलास. रात्री थंडी वाजून ताप भरला. हिवतापाच्या गोळ्या होत्या, डॉक्टर आला, इंजेक्शनं दिली. शुद्धीवर होतास तोवर मी पुन्हा विचारलं नाही. शुद्ध गेल्यावर विचारलं. तेव्हा काय उपयोग?

तुझं सरण गावाने रचलं. लाकूड फोडायला सोमा ढीवर आला होता. तळ्यावर मासे धरतो, शिंगाडे काढतो, तो. जन्मभर लाकडं फोडलेला माणूस, आणि त्या दिवशी त्याचा एक घाव धड पडेना. पातं सरकायचं, तो थांबायचा, हात झटकायचा, पुन्हा मुठीत दांडा फिरवून बघायचा. मग मला दिसलं की कुऱ्हाड दुसऱ्याची होती. दांडा त्याच्या हाताला लांब पडत होता. रेंजर तिथेच उभा होता, रुमालाने मान पुसत, दुःखी चेहरा करून. त्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि त्याला फक्त उकडत होतं. ज्या गावात माणूस दाढीचा वस्तरा उसना देईल पण कुऱ्हाड देणार नाही, तिथे सोमा उसनी कुऱ्हाड घेऊन आला होता. मला तुझं सरण रचताना सगळं कळलं. रडायचं राहूनच गेलं मग.

सोमाचा डोंगा, खोड कोरून केलेली त्याची होडी, सडला होता हे मला ठाऊक होतं. डोंगा कोरायला झाड लागतं, आणि झाड मागायला गेला तर देणारं कोणी नाही. डोंग्याशिवाय तळ्यात जाळं पडत नाही. आता सोमा रेंजरच्या हाती लागला तर डोंगा गेला, कुऱ्हाड गेली आणि माणूसही गेला. आणि तुझ्यामागे ते ओझं आता माझ्या भिंतीवर टांगलेलं.

तेरवीला मी तुझ्या वस्तू पाटावर मांडल्या. मेलेल्या माणसाच्या रोजच्या वस्तू देतात तशा. छत्री, काठी, जोडे, तो कोट. आणि भिंतीवरून काढून, कागद फाडून, कुऱ्हाड. रेंजर पंगतीत बसला होता. जप्तीचा कागद खिशात घेऊन आला होता, पण आधी जेवून घ्यावं असा त्याचा विचार दिसला. काठी मी पोस्टमनला दिली. कोट कोणी घेईना. मग हाक मारली, "सोमा, इकडे ये. गुरुजीचं सरन तू फोडलं. हे त्याच्या घरातली वस्तू, तुले दान."

सोमा जागचा हलेना. त्याची बायको मागून ढकलत होती. रेंजरचा घास हातात राहिला. "बाई, ती कुऱ्हाड... ती केसमधली आहे."

"माह्या भावाच्या भिंतीवर होती. त्यानं सांगितलं होतं ना तुमाले कोनाची हाय ते?"

"ते तर रात्रीची म्हणत होते."

"मंग रातीवर केस करा. भात वाढू काय?"

पंगतीत कोणी मान वर केली नाही. सगळे अचानक फार मन लावून जेवायला लागले. रेंजरने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तेरवीच्या दानाला हात लावला असता तर त्या गावात त्याला पुन्हा कोणी पाणी दिलं नसतं, एवढं तरी त्याला कळलं असावं. "थोडा वाढा," म्हणाला. मी भरपूर वाढला. सोमाने दोन्ही हातांनी कुऱ्हाड घेतली, आणि मूठ आपोआप दांड्यावरच्या आपल्या जागी जाऊन बसली.

सगळे पांगल्यावर तो मागच्या दाराशी आला. फडक्यात शिंगाडे होते. "बाई, तुमाले सांगाचं होतं. गुरुजीनं कोनाले सांगू नोको म्हनलं होतं, पन आता काय..."

मी म्हटलं, बस, सांग.

"मी आन माहा भाऊ झाड तोडून राह्यलो होतो. अंधार पडला होता. तं मांगून कोनी वरडलं, थांबा! आमाले वाटलं जंगलवाले आले. भाऊ पळाला. मीबी पळालो. तं गुरुजी अजूनच वरडले, पळू नोका रे बापा, मले एकटं सोडून जाऊ नोका, मी दिगंबर मास्तर हावो! मंग मी फिरलो. पाह्यतो तं गुरुजी झाडाले धरून उभे. माहा हात धरला त्याईनं. म्हने, सोमा, कुऱ्हाडीचा आवाज आला म्हून आलो, इथी मानूस असंल म्हून. मले घरी नेऊन सोड. मले अंधाराचं लय भेव लागते."

"असंच म्हणाला?"

"असंच. लाहानपनापासून लागते म्हने. वाटेनं माहा हात सोडतच नोव्हते, तं म्या म्हनलं, हे कुऱ्हाड धरा, हातात लोखंड असलं का धीर येते. तुमचा कंदील दिसला तसा मी मांगं फिरलो, कुऱ्हाड त्याईच्याच हातात राह्यली."

एवढंच. भुताचं काळीज धरून मागितलेला वर तो एवढाच. मला घरी नेऊन सोड. मेक्सिकोतला शूर आवाजाकडे गेला तो शूर म्हणून. तू गेलास तो तिकडे माणूस असेल म्हणून. ठेकेदाराला सांगायला हवं होतं, टाळ्या घेत बसला होता.

मी सोमाला विचारलं, की मग हे त्याने मला का नाही सांगितलं? सोमा शिंगाड्यांच्या फडक्याची गाठ सोडत म्हणाला, "म्याबी इचारलं होतं. तं म्हने, बाई हासंल."

हो, हसले असते. पोटभर हसले असते, दिगू. आणि हसून झाल्यावर रोजच्यासारखा कंदील उचलला असता आणि तुझ्यापुढे चालायला लागले असते. हसण्याने कंदील विझतो का रे, मूर्खा? एवढी पुस्तकं वाचलीस, एका शब्दाचे इतके अर्थ काढलेस, आणि घरातल्या बाईचा एक अर्थ तुला लागला नाही. परक्याला सांगितलंस. अंधारात, हात धरून, सोमाला सांगितलंस. आणि मी जन्मभर जे ऐकायला थांबले होते ते मला त्याच्या तोंडून ऐकावं लागलं. याचा राग मला तुझ्या सगळ्या योवाल्लीपेक्षा जास्त आहे.

सोमाला मात्र मी धन्यवाद देते. तुला दारापर्यंत आणून सोडलं त्याने. ते माझं काम होतं, पण त्या दिवशी मी फाटकापर्यंतच पोचले होते.

शोकसभेहून काल परत आले. तुझी पुस्तकं शाळेला हवी आहेत म्हणे, नेऊ देत. छत्री गेली, काठी गेली, कोट अजून कोणी घेतलेला नाही. कंदील मी पाटावर मांडला नव्हता. दिवेलागण झाली, जेवले. घर फार शांत होतं. पुष्कळ वेळ ओट्यावर बसून राहिले, मग कंदील उचलला आणि पायऱ्या उतरले. वाट तीच, झुडपं तीच. कोणी भांडत नव्हतं. चार पावलं गेले आणि पाय अडले. मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं, वारा होता.

मी म्हटलं, "दिगू, तुले परसाकडे जाचं हाय काय?"